शांत बसून चित्र काढत होती

माझी मुलगी लहानपणी रडायची नाही. हे मी किती जणींना किती कौतुकानं सांगितलं असेल, आठवलं तरी लाज वाटते. सोसायटीच्या जिन्यात सांगितलं, भाजीच्या गाडीवर सांगितलं, माहेरच्या पत्रांतून तर पानंच्या पानं भरली. बाकीच्या आया भोकाड पसरलेली पोरं पाळणाघराच्या दारात सोडताना स्वतःच रडकुंडीला यायच्या आणि मी त्यांच्याकडे बघून मान जरा जास्तच ताठ करायचे. स्वभावच तसा आहे माझा. कौतुकाला हपापलेला, आणि चूक कबूल करायची वेळ आली की सगळ्यांच्या मागे उभा राहणारा.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही नेरुळला वन रूम किचन घेतलं होतं. नवरा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा आणि मी एका हृदयविकाराच्या डॉक्टरांकडे, त्यांच्या छोट्या हॉस्पिटलात, ईसीजी काढायचं काम करायचे. मुलगी चार महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. सासूबाई गावची म्हैस सोडून यायला तयार नव्हत्या. माझ्या आईकडे वहिनीचं बाळंतपण होतं. मग खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जवळच्याच सारसोळ्यातल्या एका मावशींचं नाव सुचवलं.

मावशी कोळीण. पन्नाशी उलटलेल्या. पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन आमच्याच सेक्टरांमधून मासे विकत फिरायच्या, पण गुडघे बोलायला लागले तशा घरी बसल्या आणि एखाददुसरं मूल सांभाळायला लागल्या. त्यांचे यजमान खाडीत जाळं टाकायला जायचे. घर गावठाणातलं, पुढं सिमेंटचा ओटा. त्या ओट्यावर पाय लांब पसरून, पायांवर माझ्या मुलीला पालथी घालून, मावशी तिच्या पाठीवर थोपटत बसायच्या. काहीतरी गुणगुणायच्या, त्यातला एक शब्द मला कळत नसे. मुलगी मात्र दोन मिनिटांत झोपायची. माझ्याकडे तिला झोपवायला तास लागायचा आणि त्यातही ती झोपायची की कंटाळून डोळे मिटायची, देव जाणे.

सव्वातीन वर्षं हे चाललं. मी सकाळी तिला सोडायचे आणि संध्याकाळी न्यायला जायचे. सोडताना ती रडायची नाही, कारण मावशींना बघूनच ती माझ्या कडेवरून घसरायला लागायची. रडायची ती संध्याकाळी, मी न्यायला गेले की. मावशींचा पदर धरून बसायची. मावशी हसून तिची बोटं एकेक करून सोडवायच्या आणि तिला माझ्याकडे द्यायच्या. तिच्या केसांना सुक्या मासळीचा वास येई. घरी आणून मी आधी तिला न्हाऊ घालायचे.

एकदा मी ओट्याच्या पायऱ्यांशी पोचले आणि ती मला बघून धावत आली. खरंच धावत आली. माझा आनंद मला अजून आठवतो. शेवटच्या पायरीवर तिचा पाय अडखळला आणि ती तोंडावर पडली. हनुवटी फुटली, रक्त आलं. मी दोन हातांवर होते. मी हात पसरले. ती उठली, माझ्याकडे बघितलं, वळली आणि त्या सगळ्या पायऱ्या चढून, ओटा ओलांडून, आत चुलीपाशी बसलेल्या मावशींच्या कुशीत जाऊन मग रडली.

माझे हात तसेच पसरलेले राहिले. समोरच्या घरातली बाई जाळं विणत बसली होती, तिनं ते बघितलं. त्या क्षणी मला जे वाटलं, त्याला मत्सर याखेरीज दुसरं नाव नाही. तेव्हा मी त्याला शाळा हे नाव दिलं. पुढच्या वर्षी ज्युनिअर केजी सुरू होणार, मुलाखती आहेत, मुलीला इंग्रजी कविता यायला हव्यात, चार मुलांत मिसळायला हवं. नवऱ्याला हेच सांगितलं, मावशींनाही हेच. नवरा म्हणाला की हळूहळू करू, आधी अर्धा दिवस तिकडे, अर्धा दिवस इकडे. मला ते पटेना. सवय मोडायची तर एका झटक्यात मोडावी असं तेव्हा आमच्यात सगळेच म्हणायचे. मुलाची नजर चुकवून निघून जायचं, मागं वळायचं नाही, आठ दिवसांत मूल विसरतं. अंगावरचं दूध सोडवण्यापासून गावाला ठेवण्यापर्यंत हाच उपाय. मी तो माझ्या मुलीवर केला.

एप्रिलातल्या एका सोमवारी मी तिला सारसोळ्याला नेलंच नाही. आमच्याच सेक्टरातल्या एका पाळणाघरात नेलं. तिथं भिंतीवर फळांचे तक्ते होते, दारात रांगेनं चपला होत्या. मावशींना मी आदल्या शनिवारी सांगितलं होतं, मुलगी आत झोपलेली असताना. आणि वर हेही सांगितलं की काही दिवस भेटायला येऊ नका, तिला त्रास होईल. मावशींनी तिच्या दुपट्यांचं गाठोडं बांधून दिलं.

पाळणाघरात ती रडली नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी निघाले की मान वर करून हात हलवायची आणि पुन्हा ठोकळ्यांकडे वळायची. संध्याकाळी मी गेले की ठोकळे भरून ठेवायची, चपला घालायची, चलायची. पाळणाघराच्या बाई म्हणाल्या की असं मूल त्यांनी पाहिलं नाही. मावशींचं तिनं नावही काढलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, तू उगीच घाबरत होतास.

त्याच पावसाळ्यात डॉक्टरांनी होल्टर घेतला. आता ते यंत्र काडेपेटीएवढं झालंय, तेव्हा चांगलं वॉकमनएवढं होतं, आत कॅसेट. छातीवर पाच स्टिकर लावायचे, त्यांच्या वायरी यंत्राला जोडायच्या, यंत्र पट्ट्यानं कमरेला बांधायचं. चोवीस तास हृदयाचा प्रत्येक ठोका टेपवर उतरतो. सोबत पेशंटला एक कागद द्यायचा. कुठल्या वेळी काय केलं, ते त्यानं त्यावर लिहायचं: जेवलो, जिना चढलो, भांडलो. दुसऱ्या दिवशी टेप वाचताना तो कागद शेजारी ठेवला नाही तर आलेखाचा अर्थ लागत नाही. पेशंटला कागदाचं महत्त्व समजावून सांगणं हे माझं काम होतं आणि त्याची वाक्यं मला तोंडपाठ होती. "खरं तेच लिहा. तुम्ही खोटं लिहिलंत तर डॉक्टरांना चुकीचं कळेल."

डॉक्टरांना नव्या यंत्राचं फार अप्रूप. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, ती मी तोवर दहा वर्षं ईसीजी काढूनही नीट समजून घेतली नव्हती. लोकांना वाटतं निरोगी हृदय घड्याळासारखं चालतं. तसं नसतं. श्वास आत घेतला की ठोके किंचित जवळ येतात, सोडला की लांबतात. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं थोडं बदलत असतं, आणि लहान मुलांत तर हा फरक साध्या डोळ्यांना दिसतो. मूल निवांत असलं की ठोके सैल पडतात. धास्तावलं, ताणलं गेलं की अंतरं एकसारखी होत जातात. डॉक्टरांना हा फरक मोजायचा होता आणि त्यासाठी निरोगी मुलांच्या टेप हव्या होत्या. स्टाफपैकी कुणाची मुलं मिळतील का, असं त्यांनी विचारलं. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. माझ्या मुलीइतकं शांत मूल कुणाचं होतं?

नारळी पौर्णिमेला मला सुट्टी होती. आदल्या दिवशी हॉस्पिटलातून यंत्र घरी आणलं आणि सकाळी तिच्या छातीला स्टिकर लावले. स्पिरिटचा बोळा गार लागला तेव्हा तिनं अंग चोरलं, पण हूं की चूं केलं नाही. दिवसभर कमरेला यंत्र बांधून ती घरात फिरत होती आणि मी कागदावर लिहीत होते. दहा वाजता दूध. बारा वाजता वरणभात. दोन ते चार झोप.

साडेपाचच्या सुमाराला ती गॅलरीच्या ग्रिलला धरून खाली बघत उभी होती. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. खाली पाहिलं तर गेटमधून मावशी येत होत्या. सणाची हिरवी साडी, अंबाड्यावर वेणी, हातात स्टीलचा डबा. चार महिन्यांत पहिल्यांदाच येत होत्या, आणि तेही सणाचं निमित्त झालं म्हणून. गुडघ्यांमुळे थांबत थांबत चालत होत्या. मी मुलीकडे बघितलंही नाही. हातातले कपडे टाकले आणि धावत जिना उतरले, त्या वर चढायच्या आत.

जिन्याच्या तळाशीच मी त्यांना गाठलं. त्या म्हणाल्या, नारळाच्या करंज्या केल्यात, तिला आवडतात. मी डबा घेतला. त्यांनी वर बघितलं. मी म्हणाले, "झोपलीय ती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं असणार, कारण सव्वातीन वर्षं तिच्या झोपेच्या वेळा त्यांनीच तर लावल्या होत्या. "झोपूं दे," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या.

मी वर आले तेव्हा मुलगी गॅलरीत नव्हती. आत फरशीवर वही उघडून खडूनं रंगवत बसली होती. खाली कोण आलं होतं हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. तिनं मावशींना बघितलं होतं, आणि तरी हाक मारली नव्हती, रडली नव्हती. सुटली एकदाची सवय, असं मी मनाशी म्हटलं आणि कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: साडेपाच, शांत बसून चित्र काढत होती. करंज्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात वाटून टाकल्या.

टेप वाचायला डॉक्टर संध्याकाळी बसले. मी शेजारी उभी. सकाळ छान होती, दुपार छान. झोपेतले ठोके असे सैल, लयीत, की डॉक्टरांनी मला मुद्दाम बोट ठेवून दाखवले. मग साडेपाच आले आणि पडद्यावर ठोके एकदम दाटले. मिनिटाला दीडशेच्या वर. आणि नुसते वाढले नव्हते, ते शिवणयंत्राच्या टाक्यांसारखे एकसारखे पडत होते. श्वासाबरोबरचा सगळा हलकेपणा गेला होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. सहाच्या पुढं कुठं ते हळूहळू सैल व्हायला लागले.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "साडेपाचला बसली होती? चित्र काढत? असं कसं होईल? पळत असणार."

मला सगळं कळलं होतं. पडद्यावरचा प्रत्येक टाका मला कळला होता. ग्रिलला धरून ती मावशींना गेटातून आत येताना बघत होती, मग मला जिन्याकडे धावताना बघितलं, मग मावशींना परत जाताना. त्यानंतर अर्धा तास, खडू हातात धरून, वहीत मान घालून, तिचं काळीज असं पळत होतं. माझ्यापासून चार हातांवर. आणि मी शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते.

मी म्हणाले, "हो सर, चुकून लिहिलं मी. गच्चीवर पळत होती मुलांबरोबर."

डॉक्टर म्हणाले, मग कागद नीट करून ठेवा. मी नवा कागद घेतला, सगळ्या वेळा पुन्हा उतरवल्या आणि साडेपाचसमोर लिहिलं: खेळणे, धावणे. जुना कागद फाडला. डॉक्टरांनी टेपवर नॉर्मल अशी चिठ्ठी लावली. पेशंटना रोज खरं लिहायला सांगणारी मी, माझ्या स्वतःच्या मुलीच्या बाबतीत हे केलं. का, तर आपण कशी आई आहोत हे त्या खोलीत कुणाला कळू नये म्हणून.

मुलांच्या लळ्याचे प्रकार असतात हे मला पुढे वाचनात आलं. काही मुलं आई दिसेनाशी झाली की रडतात आणि ती आली की शांत होतात. काही शांतच होत नाहीत. आणि काही मान वर करत नाहीत, कारण रडून उपयोग नाही हे ती शिकलेली असतात. त्यांचं सगळं आतल्या आत चालतं. वाचलं तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही. मी ते पडद्यावर पाहिलं होतं.

त्यानंतर मला एक खोड लागली. पाळणाघराच्या दारात तिचा हात हातात घ्यायचा आणि अंगठ्याखालची नाडी चाचपायची. तोंडावर रेषा हलत नसे आणि बोटाखाली नाडी उडत असे. रोज. तरी मी तिला सोडून कामावर जायचे. सारसोळ्याला न्यायचं रोज मनात यायचं आणि रोज काहीतरी आडवं यायचं: तिची सर्दी, नवऱ्याची शिफ्ट, पाऊस. खरी अडचण एकच होती. मावशींसमोर कुठल्या तोंडानं उभी राहणार? त्यांचा डबा घासूनपुसून फळीवर ठेवला होता. रिकामा डबा परत द्यायचा नाही अशी आपली रीत, म्हणून काहीतरी करू आणि मग जाऊ, असं म्हणत मी तीन महिने काढले. शेवटी दिवाळीत फराळाच्या चकल्या तळताना नवऱ्यानं तो डबा माझ्यासमोर आणून ठेवला. मी त्याला टेपचं सगळं सांगितलं होतं, फाडलेल्या कागदासकट.

भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी सकाळी मी तिला घेऊन गेले. कुठं जायचंय ते सांगितलं तेव्हा तिनं मान डोलावली. ओट्यावर मावशी होत्या आणि त्यांच्या पसरलेल्या पायांवर दुसरंच कुणाचं तरी बाळ होतं. आम्हाला बघून त्यांचे हात थोपटायचे थांबले. "आली माजी बाय," त्या म्हणाल्या. "शानी झाली हाय. ये ना."

मुलगी पायरीशीच उभी. माझा हात धरलेला. मी म्हटलं, जा. ती गेली नाही. वर माझ्याकडे बघून तिनं अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "जाऊ ना? मी रडले नाही ना?"

मला आधी उलगडाच होईना. मग आठवलं. एप्रिलातला तो सोमवार. पाळणाघराच्या दारात ती थबकली होती, ओठ काढले होते, आणि मला बसला उशीर होत होता. तेव्हा मी खाली वाकून घाईघाईत म्हणाले होते, की रडायचं नाही हं, रडली नाहीस तर मावशीकडे नेईन. असं आपण मुलांना दिवसातून दहादा काहीबाही सांगतो. दार लागलं तशी मी ते विसरलेही होते. ती विसरली नव्हती. सात महिने ती आपली अट पाळत होती. गॅलरीत मावशी पाठमोऱ्या जाताना दिसल्या तेव्हासुद्धा तिनं ती मोडली नव्हती.

मी म्हणाले, "नाही रडलीस गं. जा."

ती चढून गेली आणि मावशींच्या शेजारी बसली. त्यांनी बाळाला उचलून खाली निजवलं आणि मांडी रिकामी केली, पण ही मांडीवर गेली नाही. शेजारीच बसली, त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरून. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मी डबा पुढं केला आणि जे काही तोडकंमोडकं बोलता आलं ते बोलले, की त्या दिवशी ती झोपलेली नव्हती.

"मना ठाव हाय," मावशी म्हणाल्या. "तुमी मना निसतं सांगाचं होतं, ताय. मीच तिला समजावून धाडली असती."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

दोन तास बसलो. निघू या म्हटल्यावर मुलीनं पदर सोडला, उठली, चपलांचे पट्टे स्वतः लावले. मावशींचे डोळे भरले होते, माझेही. तिचे नाही. खाडीकडून सेक्टरकडे येणाऱ्या रस्त्यावर आम्ही दोघीच होतो. मी तिचा हात धरला होता आणि बोटं मनगटाकडे वळू नयेत म्हणून स्वतःला आवरत होते. मी तिला म्हटलं की आता आपण पुन्हा यायचं, नक्की यायचं.

तिनं थोडा विचार केला. मग, किती वाजता जेवायचं असं विचारावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "आता किती दिवस रडायचं नाही?"